मॅडम, आवाज येत नाहीये

आई वीस मिनिटं बोलत होती आणि तिला कोणीही थांबवलं नाही. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

आणि बोलत होती म्हणजे कशी? हात हवेत फिरवत, मधेच चष्मा कपाळावर सरकवत, "कळतंय ना सगळ्यांना?" असं विचारत, आणि उत्तर आलं नाही की स्वतःच "छान!" म्हणून पुढे जात. मी क्लासवरून आले, पाणी प्यायला आत निघाले, जाता जाता तिच्या लॅपटॉपकडे नजर गेली. खाली माईकच्या चित्रावर लाल तिरकी रेघ.

"आई, अगं म्यूट!"

आईने आधी मला डोळ्यांनीच दटावलं. मग तिला रेघ दिसली. तिचा चेहरा सुक्या बोंबलासारखा झाला.

स्क्रीनवर अकरा चौकोन होते, त्यातले दहा काळे. ते तिचे विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे काय, चांगली नोकरी करणारी, लग्न झालेली माणसं! आईने माईक सुरू केला आणि विचारलं, "अरे, मला कोणी सांगितलं कसं नाही?"

मग उरणकडच्या एका सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट असलेला कुंदन खाकरला. "मॅडम, मला वाटलं माझंच नेट खराब आहे."

"मलापण तसंच वाटलं," अंकिता म्हणाली. ती नर्स आहे.

"माझं तर नेहमीच खराब असतं, मॅडम," आणखी कोणीतरी म्हणालं.

एकेकाने कबूल केलं. कोणी राउटर बंद-चालू केला होता, कोणी नवऱ्यावर ओरडलं होतं, वरद नावाचा एक जण तर गच्चीवर जाऊन टाकीला टेकून उभा होता. पण मॅडमचा माईक बंद आहे असं म्हणायला कोणाचीच जीभ रेटली नाही. मॅडमकडून कसं चुकेल?

मला एवढं हसू आलं की मी ओढणी तोंडात कोंबली. आई मात्र हसली नाही. तास संपल्यावर ती लॅपटॉप मिटून म्हणाली, "समू, ही नुसती तालीम होती म्हणून बरं. पुढच्या शनिवारी असं झालं तर संपलंच."

काय संपलं असतं ते सांगते.

माझी आई, कीर्ती घरत, पनवेलच्या एका कॉलेजात हेल्थ डेटा अॅनालिसिस शिकवते. पदवीनंतरचा कोर्स आहे. दवाखान्यात, शिबिरात लोकांचं वय, वजन, बीपी, साखर लिहून घेतात ना, त्या ढिगातून कोणत्या गावात कोणाला कसला धोका आहे ते शोधून काढायचं. कोर्स तिनेच उभा केलाय. माझ्यापेक्षा थोडा लहान आहे तो, आणि मला कधी कधी वाटतं की तिचा लाडका तोच आहे. यंदा कॉलेजने ठरवलं की तो ऑनलाइन न्यायचा. त्यात चूक काहीच नव्हती. उरण, कर्जत, अलिबागकडून ड्युटी संपवून येणारी माणसं, त्यांची संध्याकाळ पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्येच जायची. आईलाही ते पटलं होतं. प्रश्न होता शिकवणार कोण. एका बाहेरच्या कंपनीने तयार रेकॉर्ड केलेले तास देऊ केले होते. ते घेतले तर आई फक्त शंका विचारणाऱ्या ईमेलना उत्तरं देणार. नाहीतर आईने स्वतः, लाइव्ह. कॉलेजने समिती नेमली आणि समितीने सांगितलं, शनिवारी सहाला तुमचा एक तास बघतो, मग ठरवू.

म्हणजे एका तासावर आईचा कोर्स आईकडे राहणार की जाणार हे ठरणार होतं.

तुम्ही आईला वर्गात शिकवताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, लहान असताना तिच्यासोबत जायचे तेव्हा. ती समोर उभीच राहत नाही. सगळे कॉम्प्युटरवर बसतात आणि ही त्यांच्या मागून चालते. कोणाचे खांदे वर चढलेत, कोण मान खाली घालून उगाच माऊस हलवतोय, कोणाचा हात थांबलाय, हे सगळं तिला मागून दिसतं. मग बरोबर त्या खुर्चीपाशी थांबून हळूच विचारते, "कुठे अडलं?" तिला माणसांच्या पाठी वाचता येतात. आणि ऑनलाइन पाठ कुठून दिसणार? काळे चौकोन!

"कॅमेरे लावायला सांग ना," मी म्हणाले.

"अगं, निम्म्यांचं नेट कॅमेऱ्याने बसतं. आणि चेहरे काय, चेहरे सगळे 'हो मॅडम'च म्हणतात."

त्या आठवड्यात आमच्या घरात जेवण म्हणजे नशिबाचा खेळ होता. सोमवारी आमटीत मीठ दोनदा पडलं, मंगळवारी पडलंच नाही. आई भाजी चिरताना पुटपुटायची, "नमस्कार, माझा आवाज येतोय का?" आणि पप्पा बाहेरून ओरडायचे, "येतोय गो, जेवण कवा येतंय ते सांग!"

मी तिला धीर देत होते. मी आता धीर द्यायला लायक झालेय, कारण यंदा शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन मी केलं. त्याआधी मी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायचे की बाई दोनदा नाव घ्यायच्या. माईक हातात आला, पहिलं वाक्य बोलले, आणि समोरून शिट्ट्या आल्या! तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं पप्पांचं म्हणणं आहे. मी आईला म्हटलं, "तू फक्त आत्मविश्वासाने बोल. समोरच्यांकडे बघून."

"समोर कोणी नाहीच्चे, समू," आई म्हणाली. आणि ते तिने इतक्या हळू म्हटलं की मला पहिल्यांदा वाटलं, खरंच जाईल का हिचा कोर्स?

गुरुवारी दुपारी मी शेजारच्या घरी गेले. प्रितमदादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं लग्न होतं आणि बायका लग्नाचे तांदूळ निवडायला बसल्या होत्या. आमच्या सुकापुरात आता सगळीकडे टॉवर उभे राहिलेत, त्या दुपारी तर समोरच्या साइटवर ब्रेकर मशीन कान किटवत होतं, पण आगऱ्यांच्या घरात लग्न म्हटलं की धवलारीण येणारच. आमच्याकडे गोदूआजी येते. पप्पांची आत्या. ती धवला गाते, म्हणजे लग्नातल्या प्रत्येक कामाची गाणी. एक ओळ ती म्हणते, बाकीच्या तीच ओळ मागून उचलतात. त्याला झेलणं म्हणतात.

मी सूप घेऊन बसले. गोदूआजीने ओळ टाकली आणि बायका दागिन्यांच्या गप्पांत. कोणी झेललीच नाही. आजी गप्प बसली. एकदम गप्प.

"काय गो, झोपल्यात का सगल्या? तुमी झेलाल तवा मी पुढं जाईन. मना काय घाई नाय."

बायकांनी घाईघाईने ओळ झेलली. गाणं पुढे गेलं. मग नवरदेवाच्या नावाची ओळ आली आणि आजीने ठणठणीत आवाजात गायलं, हितेश. ओळ परत आलीच नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या आणि जनीकाकी हसून लोळायलाच लागली.

"गोदूआते, नवरा परितम हाय! थोरल्या हितेशचा लगीन कवाच झाला, त्याला पोर हाय!"

"हां?" आजी म्हणाली. "बरा झाला बोललीस. नायतर त्याला दुसरी बायको दिली असती मी." आणि लाजबिज काही नाही, तीच ओळ पुन्हा, प्रितमचं नाव घालून. या वेळी सगळ्यांनी अशी झेलली की ब्रेकर मशीनसुद्धा ऐकू येईना.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी उठले आणि धावत घरी.

"आई! त्यांना झेलायला लाव!"

आई लॅपटॉपवर होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. प्रत्येक पायरी झाली की एकाने आपल्या स्वतःच्या फाइलमधली एक ओळ मोठ्याने वाचायची. पाळी लावायची. ओळ परत आली नाही तर तू पुढे जायचंच नाही. म्हणजे माईक बंद असेल तर लगेच कळेल, कोणी मागे राहिलं तर कळेल. पाठ दिसत नाही ना, मग आवाज ऐक!

"समू, माझे विद्यार्थी एम.एस्सी. करतायत. तांदूळ निवडत नाहीयेत."

"निवडतच आहेत की! तूच म्हणतेस ना, डेटा आधी निवडायचा, खडे काढायचे?"

"समितीसमोर ते बालवाडीसारखं दिसेल," ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली. मला राग आला. पण रात्री जेवताना तिने पप्पांना विचारलं, "गोदूआत्यांना कोणी चूक सांगितली तर त्यांना राग नाही येत?" पप्पा म्हणाले, "रागाचा काय त्यात? ती ओळ एकटीची थोडीच हाय."

शुक्रवारी तिने विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. प्रत्येकाला पाळी दिली.

शनिवारी आमच्या घरात सगळ्यांनी जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. पप्पा साइटवर गेले, ते तिथे रेती पुरवतात, आणि मुकादमाला म्हणाले, "तासभर मशीन बंद ठेव, आमच्या घरात परीक्षा हाय." इन्व्हर्टर भरला. कुकर लावायला बंदी. माझं काम महत्त्वाचं होतं. मी टेबलाशेजारी खाली बसणार, माझ्या फोनवरून तासात सामील होणार, आणि आवाज येतोय का ते बघणार.

"आणि एक शब्द बोलायचा नाही," आई म्हणाली. "काहीही झालं तरी. समितीला वाटायला नको की मॅडमची मुलगी तास चालवतेय."

"आणि चुकलीस तर?"

"तरीही नाही."

सहा वाजले. समितीच्या तिघांच्या खिडक्या उघडल्या. एकाचा कॅमेरा बंद, एका सरांचं फक्त कपाळ आणि फिरता पंखा, आणि मधे अध्यक्ष बाई, केस घट्ट बांधलेल्या, हातात पेन. मला त्या पेनची भीती वाटली.

आवाज येत होता. मी आईला अंगठा दाखवला. आईने फाइल उघडली. एका आरोग्य शिबिरातली माहिती, नावं काढून टाकलेली, माणसांना नुसते क्रमांक. समोर वय, मग बीपीचा वरचा आकडा, मग खालचा. पहिली पायरी झाली. अंकिताने ओळ वाचली. दुसरी झाली, वरदने वाचली. तो आज गच्चीवर नव्हता. आईचे खांदे जरा खाली आले. बघा, आता मीसुद्धा पाठ वाचायला शिकले होते.

तिसऱ्या पायरीला आई म्हणाली, "आता वयाप्रमाणे लावून घेऊ. लहानाकडून मोठ्याकडे." तिने वयाचा रकाना निवडला, बटण दाबलं. मधे एक छोटी चौकट उघडली, ती नेमकी अध्यक्ष बाईंच्या खिडकीखाली अर्धी झाकली गेली. तिथे प्रश्न असतो, बाकीचे रकानेही सोबत हलवायचे का? आईने न वाचताच खटकन दाबलं.

वयं सरसर वर-खाली झाली. बीपीचे आकडे जागचे हललेच नाहीत.

मी फोनवर ते पाहिलं. म्हणजे आता प्रत्येकाचं वय दुसऱ्याच माणसाला चिकटलं होतं. आजीचं बीपी नातीला, नातीचं आजीला! आणि आईला ते दिसलंच नव्हतं. ती अध्यक्ष बाईंच्या पेनाकडे बघत बोलत होती, "आता आपल्याला दिसेल की वाढत्या वयाबरोबर..." पण दिसणार काय? काहीच नाही. आणि ते दिसत नाही हे आधी त्या पेनवाल्या बाईंना कळणार होतं.

मी तोंडावर हात दाबून धरला. गॅदरिंगमध्ये भरलेल्या मैदानासमोर बोलणारी मी, आणि इथे एक शब्द नाही! आईचा पाय हलवावा का? कॅमेऱ्यात तिचं दचकणं दिसेल. मी वर बघत राहिले, ती माझ्याकडे बघेना.

"व्यक्ती क्रमांक सतरा," आई म्हणाली. "पाळी कोणाची? कुंदन."

कुंदनचा माईक सुरू झाला. पंख्याचा आवाज आला. कुंदन बोलेना.

हाच कुंदन. वीस मिनिटं गप्प बसलेला. मी मनात म्हणत होते, बोल रे दादा, बोल, बोल.

"कुंदन? आवाज येतोय ना माझा?"

"येतोय, मॅडम." पुन्हा पंखा. मग अगदी बारीक आवाजात, "मॅडम, माझंच नेट खराब असेल. पण माझ्याकडे व्यक्ती सतराचं वय बासष्ट आहे. तुमच्या स्क्रीनवर एकोणीस दिसतंय. बीपी दोन्हीकडे तेच आहे."

आईने स्क्रीनकडे पाहिलं. तिला कळलं.

मी झटकन वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मुद्दाम केलं म्हण!!" आणि टेबलाखालून वर धरलं. किती सोपं होतं! शाळेतले सर तर नेहमी म्हणतात, "बघत होतो तुमचं लक्ष आहे का." आईने कागद वाचला. मला नक्की माहीत आहे, वाचला. तिची नजर कागदावरून माझ्यावर आली आणि मग परत स्क्रीनवर गेली.

"नाही, कुंदन," ती म्हणाली. "तुझं नेट चांगलं आहे. माझं चुकलं. मी फक्त वयाचा रकाना हलवला, बाकीचे तिथेच राहिले."

अध्यक्ष बाईंचं पेन चालू झालं. मी डोळे मिटले. गेला कोर्स.

पण आई थांबली नाही. "आता परत लावण्याआधी सांगा मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, तो वर्गातला, मागून चालतानाचा आवाज होता. "कुंदनने हे पकडलं नसतं आणि आपण असंच पुढे गेलो असतो, तर काय झालं असतं?"

एक माईक सुरू झाला. मग दुसरा. मग एकदम चार.

"मॅडम, तरुण पोरींना बीपीच्या गोळ्या सुरू करायला सांगितलं असतं आपण," अंकिता म्हणाली, "आणि माझ्या सासूसारख्यांना सांगितलं असतं, तुम्ही ठणठणीत, जा घरी!"

"आणि सासू खूश!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मग वरदने विचारलं की फाइल परत मूळ क्रमाने कशी लावायची, आणि कोणीतरी त्याला उत्तर दिलं, आईने नाही, विद्यार्थ्यानेच, आणि आई नुसती ऐकत होती. तास संपायची वेळ झाली तरी ते गप्प होईनात.

शेवटी अध्यक्ष बाई बोलल्या. "कुंदन, याआधी तुम्ही मॅडमना कधी असं थांबवलं होतं?"

"नाही, मॅडम," कुंदन प्रामाणिकपणे म्हणाला. "मागच्या शनिवारी वीस मिनिटं मॅडमचा आवाजच येत नव्हता, तरी नाही."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कपाळवाले सर पंख्यासकट हलायला लागले, तेव्हा कळलं ते हसतायत. बाई हसल्या की नाही ते मला दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "धन्यवाद, कळवतो," आणि खिडक्या बंद झाल्या.

ब्रेकर मशीन सुरू झालं. आई खाली माझ्या शेजारी फरशीवर येऊन बसली. कागद तिने माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या.

"का नाही म्हणालीस?" मी विचारलं. मला रडू येत होतं.

"म्हणाले असते तर पुढच्या वेळी कुंदन बोलला असता का?"

मी तो कागद तिच्याकडून परत घेतला आणि आणखी एक घडी घातली.

मग वाट बघणं. रविवारी प्रितमदादाच्या हळदीला आई नाचली, पण फोन कमरेला खोचून. सोमवारी फोन वाजला की मी आधी धावायचे, दोनदा कर्ज हवंय का विचारणारे होते, त्यांच्यावर मी अशी ओरडले की पप्पा दचकले. मंगळवारी दुपारी कॉलेजचा ईमेल आला. आईने उघडला नाही. मला म्हणाली, "तू वाच. मोठ्याने."

मी वाचला. अभ्यासक्रम सौ. घरत स्वतः थेट शिकवतील. रेकॉर्ड केलेले तास घेतले जाणार नाहीत. खाली अध्यक्ष बाईंनी एक अट घातली होती, विद्यार्थ्यांनी आळीपाळीने ओळ वाचण्याची पद्धत प्रत्येक तासाला ठेवावी.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

मी पुन्हा वाचला. मग ती ते वाक्य स्वतः म्हणाली, हळूहळू, शब्द न् शब्द. झेललं तिने!

पहिला खरा तास शुक्रवारी होता. या वेळी मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी दारात उभी. आईने साडी नीट केली, चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि हसून बोलायला लागली. मी पाहिलं, खाली माईकवर लाल तिरकी रेघ.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लॅपटॉपमधून एकदम कल्ला उठला, कुंदन, अंकिता, वरद, सगळेच, एकमेकांवर चढून, "मॅडम, आवाज येत नाहीये! मॅडम, म्यूट! मॅडम, तुमचा माईक!"

आईने माईक सुरूच केला नाही लगेच. ती थोडा वेळ नुसती ऐकत बसली.